तिघांच्या पाळीची उतरंड

चिरंजीव मानसिंगराव यांस, मुक्काम कळंब,

सांगवीहून थोरल्या अक्काचा, म्हणजे कुशाबाईचा, आशीर्वाद. आमी हितं समदी धडधाकट हावोत. तुझा गुडघा काय म्हणतो? मुद्दाम पत्र धाडतीय, कारण फोनवर तू मधेच बोलतोस. मी सांगतीय आन माझी नात स्वरूपा लिहितीय. (मी धा शब्द बोलले की ती दोन गाळते. नंतर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणार हाय, असं तिला आधीच बजावलंय.)

तर बातमी ही की आपण जिंकलो. काय जिंकलो ते नीट बसून ऐक. तू राहतोस लेकीकडं, शेत तुझं हितं, त्यामुळं गावातलं तुला निम्मंच कळतं. पाणी कुणाच्या पाळीचं, ते आता स्वरूपाचा प्रोग्राम बघतो आन त्या माणसाच्या फोनवर निरोप धाडतो, एवढं तुला ठाऊक हाय. गेल्या आठवड्यात तो प्रोग्राम आडवा झाला. कुणाला निरोप न्हाय, व्हॉल्व्ह बंद, ऊस माना टाकून उभा, आन स्क्रीनवर एकच ओळ, ‘काहीतरी चुकले आहे’. आपल्या पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष विजयसिंहराव म्हणाले, रविवारच्या सभेत हे खेळणं बंद करू, पहिल्यासारखं तोंडी चालू दे. स्वरूपानं बारामतीत ऑफिस टाकल्यावर मिळालेलं हे पहिलं काम. गावानंच हाकललं म्हणल्यावर बाहेर कोण दारात उभं करणार?

मी तिला विचारलं, काहीतरी म्हणजे काय गं? कुठं, कुणाच्या पायी? तर म्हणाली, ते प्रोग्राम सांगतच न्हाय. चूक झाली की पकडायची, लोकांना गोड बोलून वाटेला लावायचं आन मूळ भानगड गिळून टाकायची, अशी सोय तिनं सोताच करून ठेवली होती. (तुझे दाजी बाजारातनं उशिरा आले की अशीच सोय करायचे.) मग बसली दुरुस्तीला. म्हणाली, आज्जी, प्रोग्राम पडतो तेव्हा मागं स्टॅक ट्रेस सोडतो. म्हणजे मडक्यांची उतरंडच म्हण. सगळ्यात वर जिथं फुटलं ते, त्याच्या खाली त्याला कुणी काम सांगितलं, त्याच्या खाली त्याला कुणी सांगितलं. आता ती समदी उतरंड गिळायची न्हाय, सर्व्हरवर जपून ठेवायची.

जपली खरी, पण पहिल्यांदा बाहेर आलं ते बघून मला भोवळ आली. ओळीला ओळ चिकटलेली, आन त्यात निम्म्याहून जास्ती परक्या कंपन्यांच्या यंत्रणेच्या. मी म्हणलं, लग्नाच्या फोटोत नुसते वाजंत्रीवाले दिसतात, नवरानवरी कुठं गेले? हसली, पण तिनं परक्या ओळी बाजूला सारल्या, आपल्या तेवढ्या एकाखाली एक लावल्या, आन दर ओळीपुढं त्या वेळी कुणाच्या पाळीचं काम चाललं होतं ते नाव घातलं. मग मला वाचून दाखवायला लागली आन मधेच म्हणाली, आज्जी, हे आता सभेतच वाचू.

रविवारी सभेत तेच भिंतीवर लावलं. विजयसिंहरावांनी मोठ्यानं वाचलं. मानसिंग, इस्माईल, सोनबा, मानसिंग, इस्माईल, सोनबा. तिसऱ्या फेरीला सभा हसायला लागली. व्हय, तुझंच नाव. गुडघा दुखतो म्हणून तू पाळी सोनबाला दिलीस. सोनबा सोयऱ्यांकडं निघाला, त्यानं इस्माईलभाईला दिली. इस्माईलभाईची मोटार जळाली, त्यांनी शेजारचं शेत म्हणून तुला दिली. तोंडी चालायचं तेव्हा शेवटी कोणतरी जाऊन व्हॉल्व्ह उघडायचा. प्रोग्राम बिचारा एकाकडनं दुसऱ्याकडं हेलपाटे घालत राहिला, दर हेलपाट्याला एक मडकं चढत गेलं, आन ढीग आढ्याला लागून कोसळला.

सोनबा म्हणाला, “मला काय ठाऊक, इस्माईल पुढं कुणाला देतोय.”

इस्माईलभाई म्हणाले, “अरे बाबा, मानसिंगराव रिकामेच असतात, म्हणून त्यांना दिली.”

विजयसिंहरावांना हसू आवरेना. आजवर पाणी कुठं मुरलं ते सांगणारं कुणी भेटलं न्हवतं म्हणाले, आन प्रोग्राम ठेवायला सगळ्यांनी हात वर केले. मी दोन केले. नवा नियम झाला. पाळी देणाऱ्यानं आन घेणाऱ्यानं, दोघांनी फोनवर ‘होय’ दाबायचं, आन दिलेली पाळी फिरून त्याच माणसाकडं यायची न्हाय. शेजारच्या गावच्या संस्थेनंही स्वरूपाला बोलावलंय. मी गल्लीतनं जरा सावकाशच घरी आले, म्हणजे सगळ्यांना विचारायला सवड मिळाली.

लेकीला, जावयाला आशीर्वाद. गुडघा शेकत जा.

तुझी अक्का (अंगठा खाली उठवलाय, शाई पुसू नको)

ता. क. समद्यांच्या पाळ्या मोकळ्या केल्यावर तुझी तेवढी लोंबकळत राहिली. ती मी माझ्या उसाला मागितलीय. तुझ्या फोनवर निरोप येईल, ‘होय’ दाब.

आणखी एक. स्वरूपा म्हणतीय, आज्जी, पत्राचं निमित्त करून पाणी मागणं बरं दिसत न्हाय. तिला म्हणलं, लिही. आन मानसिंगा, ‘न्हाय’ दाबलंस तरी माझी हरकत न्हाय. फक्त आता काहीच गिळलं जात न्हाय, आन पुढच्या सभेला भिंत मोकळीच हाय.