निळ्या पुस्तकाचा मधला भाग

॥ श्री ॥
सर्वण, डिचोली
गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४

चि. रुक्मिणीस, ताईचे अ. आ. वि. वि.

इकडे सगळी बरी आहेत. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याची बातमी नको. सुके बांगडे पोचले. पार्वतीने तुझी पिशवी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपल्या विकायच्या मिरच्यांच्या पोत्याला टेकून ठेवली होती. उघडताना मी सात वेळा शिंकले.

वाचनालयातला पिवळ्या कव्हराचा खून वाचला. बाय, मी चौथी शिकलेली बाई, पण चाळिसाव्या पानावर मला कळलं की खून डॉक्टरने केला. सगळी माणसं मयताकडे रडतात आणि हा एकटा विचारतो, चहात साखर घातली का. झालं, संपलं! पण तो इन्स्पेक्टर पुढे दोनशे पानं सिगारेटी ओढत गाडीतून फिरतो. त्याला घरदार नाही? तो जेवतो कधी? एकदा तरी पेज प्याला, पाव खाल्ला असं लिहायला नको? उपाशी माणसाला सुचणार काय? त्याच्यापेक्षा दारोदार पाव घालणारा आमचा पोदेर बरा. कुणाच्या घरी किती पाव जास्त लागले त्यावरून पाहुणा कधी आला नि कधी गेला ते सांगतो. त्याने अर्ध्या दिवसात डॉक्टरला धरून दिला असता.

आता तू म्हणशील, ताई शेवटचं पान आधी वाचते आणि वर खुनी ओळखला म्हणून मिरवते. वाचते, मग? मासळी घेताना कल्ला उघडून बघतेस की नाही? घरी आणून चिरल्यावर कुजकी निघाली तर कुणाला सांगायचं?

आता तुझं. आमच्या सागरने सांगितलं की तुझा रुद्रेश केरीचं घर दिल्लीच्या कुणाला गेस्ट हाऊससाठी भाड्याने देतोय आणि तुला फोंड्याला आपल्या फ्लॅटवर नेतोय. हे मला माझ्या मुलाकडून कळावं? तू मागच्या पत्रात दोन पानं मांजरीच्या पिल्लांवर लिहिलीस. ती पिवळी की करडी ते कळलं, तू घर सोडतेस ते नाही. तुला घर द्यायचंय की नाही, एका ओळीत लिही. फोन करू नको. तुझ्याकडे फोन महाराष्ट्राचा टॉवर धरतो आणि आपण दोघी नुसत्या हॅलो हॅलो म्हणून ओरडतो.

लोभ आहे. तो दर पत्रात मागायला नको.

तुझी ताई,
सुमंगला

॥ श्री ॥
केरी, पेडणे
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस, रुक्मिणीचा सा. न. वि. वि.

काल तुळशीचं लग्न झालं. ऊस उभे केले, चिंचा-आवळे बांधले, पोह्यांचा प्रसाद केला. रुद्रेश आणि सूनबाई स्नेहा फोंड्याहून आली होती. अंगणातली तुळस आमच्या यांनी, होते तेव्हा, स्वतःच्या हाताने बांधलेली. फेरीबोटीवरची ड्युटी संपली की चिरे घासत बसायचे, ते तुला आठवत असेल. काल दिवा लावताना हात जरा थांबला, एवढंच.

रुद्रेशचं खरं आहे. कागद तयार झालाय. सोमवार, २ डिसेंबरला तो घेऊन येणार आणि मी सही करायची. त्याच्यावर रागावू नको. पावसात मी न्हाणीघरात पडले तेव्हापासून त्याला माझ्या एकटीची भीती वाटते. तो बोलायला लागला की सगळं बरोबर वाटतं आणि तो गेला की काहीच बरोबर वाटत नाही.

एका ओळीत लिही म्हणतेस, पण ओळ जमत नाही. आणि पार्वती पत्रं उघडते हे तुला ठाऊक आहे. गेल्या खेपेला तिने आमच्या शेजारच्या बाबुरावाला, म्हणजे जो तिच्याकडे पिशवी देतो त्याला, अख्ख्या मिरचीबाजारासमोर विचारलं की रुक्मिणीचं पोट आता कसं आहे. बाबुराव सुकी मासळी विकायची सोडून माझ्या पोटाबद्दल सांगत बसला.

सोबत निळं पुस्तक पाठवते. स्नेहाने आणून दिलं. तुझ्यासारखं खुनाचं नाही, एका बाईचं आहे, हसत हसत वाचायचं. पण ताई, हे सगळं वाच. खास करून मधला भाग, जिथे ती खानावळ काढते. घाई करू नको. आणि मग तुझं मत मला कळव. आई-बाबांच्या मागे विचारायला तूच एक राहिलीस. तू म्हणशील तसं मी करीन.

पिल्लांमधलं एक करडं बाबुरावाने नेलं.

माझ्यावर रागाव, पण माया कमी करू नको.

तुझी,
रुक्मिणी

॥ श्री ॥
सर्वण
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

चि. रुक्मिणीस, अ. आ. वि. वि.

निळं पुस्तक वाचलं. सगळं वाचलं. आता माझं मत ऐक, मागितलंस म्हणून देते.

पहिली चाळीस पानं ती बाई आरशासमोर रडते. अठ्ठावन्न वर्षांची घोडी! केस पांढरे झाले म्हणून रडते, मुलगा फोन करत नाही म्हणून रडते, कुंडीतलं झाड मेलं म्हणून रडते. त्याला पाणी घातलं असतं तर मेलं नसतं. आणि शेवटी काय, तर समुद्राकाठी तिची खानावळ, माणसं रांग लावून जेवतात आणि टाळ्या वाजवतात. जेवून कोण टाळ्या वाजवतं गे? आमच्याकडे ढेकर देतात आणि हात धुवायला जातात.

मला एवढंच सांग. मासळी कोण साफ करतं? खवले कोण काढतं? करपलेला टोप कोण घासतं? ज्या दिवशी होड्या रिकाम्या येतात त्या दिवशी ताटात काय वाढते? पंचायतीचा कागद कुणी आणला? लिहिणारी कधी चुलीजवळ गेलेली दिसत नाही. त्या बाईची साडी शेवटच्या पानावरसुद्धा पांढरी स्वच्छ! हळदीचा एक डाग नाही. मी एक वेळ मासळीचं हुमण केलं तर माझा पदर बघ.

या वयात बाईने आपल्या घरात बसावं, दोन वेळा जेवावं आणि चार खून वाचावे. हे माझं मत. स्नेहाला सांग, असली पुस्तकं आणून सासूचं डोकं फिरवू नको.

घराचं तू अजून धड काही लिहिलं नाहीस. म्हणजे तुला काही म्हणायचं नाही असं मी धरते. मग सही करून मोकळी हो, उगाच घोळ नको. फोंड्याला नळाला पाणी तरी असतं.

पुस्तक पुढच्या शुक्रवारी परत पाठवते. सागरच्या बायकोला बघायचंय म्हणते.

लोभ आहे तिथेच आहे.

ताई

॥ श्री ॥
केरी
गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मत कळलं. तू बरोबरच म्हणतेस.

सोमवारी सही करते. रुद्रेश रविवारीच येऊन राहणार आहे. मोठी भांडी देवळात देईन म्हणते, फोंड्याच्या स्वयंपाकघरात ती मावणार नाहीत. तुझं काही माझ्याकडे राहिलं असेल तर सांग.

गुडघ्याला तेल लाव.

लोभ असू दे.

रुक्मिणी

॥ श्री ॥
सर्वण
शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

चि. रुक्मिणीस,

आशीर्वाद वगैरे मागाहून.

काल संध्याकाळी पार्वतीने तुझं पत्र दिलं. बोटावर मोजण्याएवढ्या ओळी! मांजरीचं नाव नाही. बाबुरावाचं नाव नाही. मला एक टोमणा नाही. पुस्तक नाही. आणि मी बरोबर म्हणते म्हणे! साठ वर्षांत तू मला कधी बरोबर म्हटलेलं नाहीस. पार्वतीलासुद्धा संशय आला. तिने विचारलं, रुक्मिणी आजारी आहे काय. म्हणजे पत्र तिने आधीच वाचलं होतं, पण त्याचं मी तिच्याशी नंतर बघते.

काल पाठवायचं राहिलेलं निळं पुस्तक सकाळी पिशवीत घालायला काढलं. त्यात मुंग्या शिरल्या होत्या म्हणून जनेलातून बाहेर धरून झाडलं, तर मधून तुझा कागद अंगणात पडला. एकशे अठराव्या पानातला.

मी तो आत्ता वाचला, बाय. आज.

फेरीची वाट बघणारी माणसं तुझ्या दारापुढच्या बाल्कांवावर बसून पाणी मागतात. पाण्याबरोबर तू चहा देतेस. चहावरून एक दिवस भात-हुमण झालं, आणि त्या आठवड्यात अकरा जण जेवून गेले. स्नेहा पंचायतीतून कागद आणायला तयार आहे. रुद्रेशला सांगायचं धाडस होत नाही, पण ताई हो म्हणाली तर तो ऐकेल. हे सगळं तू लिहिलंस. आणि खाली लिहिलंस की ताईला नको वाटलं तर तिने या कागदाबद्दल काहीच लिहू नये, मी समजेन आणि सही करीन.

आणि मी काहीच लिहिलं नाही!

अगे, असं कुणी लिहितं? गप्प राहिली म्हणजे नको? पण तू ताईला सगळं वाच म्हणून सांगितलंस आणि ताईने सगळं वाचलं म्हणून लिहिलं. चुकी माझी आहे. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नको. मी मधलं वाचत नाही. कधीच नाही. पहिली चाळीस पानं आणि शेवटचं पान. वाचनालयात बाई मला म्हणतात, सुमंगलाबाई, तुमच्याएवढं कुणी वाचत नाही. मी गप्प बसते.

आज दुपारी मधला भाग वाचला. मी विचारलेलं सगळं तिथे लिहिलंय. मासळी ती स्वतः साफ करते, तिचा अंगठा कापतो. टोप करपतो आणि ती तो समुद्राच्या वाळूने घासते. होड्या येत नाहीत तेव्हा ती भाज्यांचं खतखतं करते. पंचायतीत तिला चार वेळा परत पाठवतात. पुस्तक चांगलं आहे. रडणं कमी केलं असतं तर फार चांगलं झालं असतं.

सही करू नको.

हे पत्र पार्वतीकडे देत नाही, शुक्रवार उजाडेपर्यंत घर जाईल. उद्या सकाळच्या बसने म्हापसा आणि तिथून केरी, मीच येते. हे मला तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून लिहून आणते. मी बाल्कांवावर उभी राहीन. तू आधी हे वाच, मग मला आत घे. माझा मोठा टोप बरोबर आणते. तो देवळात देऊ नको.

ताई

॥ श्री ॥
केरी
गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

ती. ताईस, रुक्मिणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तू रविवारी आलीस काय, गेलीस काय! पत्र माझ्या हातात, टोप बाबुरावाच्या हातात आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधी रुद्रेशला हुकूम, की भाड्याचा कागद काढ आणि मधली पानं मोठ्याने वाच. आणि तो वाचायला बसला तर तू गुरांची वेळ झाली म्हणून दुपारच्या बसला निघून गेलीस. आता पुढचं मी सांगते तेव्हाच तुला कळणार. चार दिवस बरी तळमळली असशील.

त्याने वाचलं. पहिलं पान बरं होतं. मध्ये लिहिलेलं की मागच्या स्वयंपाकघरात मासळी शिजवायची नाही. मालकाने यायचं असलं तर आधी कळवायचं. आणि भाडेकरूला वाटलं तर अंगण मोकळं करून घेता येईल, तुळस धरून. ती ओळ त्याने दोनदा वाचली. मग तो जाऊन तुळशीजवळच्या पायरीवर बसला. स्नेहाने त्याला विचारलं की आधी वाचलं नव्हतं काय. तर म्हणाला, एजंटने पहिलं पान दाखवलं आणि शेवटच्या पानावर सहीच्या जागी खूण करून दिली. मी म्हटलं, पोरगा मावशीवर गेलाय. तो हसला नाही, स्नेहा हसली.

सही झाली नाही. पण लगेच सगळं गोड झालं असं समजू नको. तो फुगलाय. मे महिन्यापर्यंत बघू म्हणाला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घ्यायचा आणि शनिवार-रविवार स्नेहाने इथे यायचं, अशा त्याच्या अटी. मी सगळ्याला हो म्हटलं. मंगळवारी जाताना त्याने डबा मागून घेतला, हुमण भरून.

काल नऊ माणसं जेवली. तुझा टोप करपला. वाळूने घासला, अजून काळाच आहे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एकाने ढेकर दिला.

सोबत एक पुस्तक पाठवते. तेरेखोलला जाणारा एक म्हातारा बाल्कांवावर विसरून गेला, की नको म्हणून ठेवून गेला, कोण जाणे. खून आहे, हिरवं कव्हर, मोठं अक्षर. मी दोन दिवसांत वाचून काढलं. तुला चाळिसाव्या पानावर कळणार नाही.

शेवटचं पान त्यात शोधू नको. मी सुरीने हलकेच सोडवून पिठाच्या डब्यात ठेवलंय. पार्वतीला ओरडू नको, तिने काढलेलं नाही. मधलं सगळं वाचून झालं की केरीला ये, मी तीन गोष्टी विचारीन. बरोबर सांगितल्यास तर जेवायला वाढीन आणि पान देईन.

येताना चिंच आण. माया आहे तशीच घेऊन ये.

तुझी,
रुक्मिणी