गोशाळेतल्या निळ्या जाळाची हकीकत

महाल, नागपूर
४ मार्च १९८४

श्रीयुत महादेवराव यांस गोपाळरावाचा सादर नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या मिरच्या पोचल्या आणि पोतं सोडताच घरातल्या सगळ्यांची नाकं मोकळी झाली. तुमची बहीण सुभद्रा ठणठणीत आहे (आठ दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही, पण आवाज चांगला आहे, शेजारणीशी बोलताना ऐकू येतो). वहिनींचे गुडघे कसे आहेत? भिवापुरात सध्या अंगणभर मिरची वाळत असेल आणि पाय ठेवायला जागा नसेल, हे मला ठाऊक आहे. तरी एखाद्या पोत्यावर बसून हे पत्र शेवटपर्यंत वाचावं. तुमची पत्रं अर्ध्यावर ठेवायची सवय सुभद्रेने मला सांगितली आहे.

तुम्ही आमच्या गोशाळेच्या मंडळाचे सभासद आहात, पण दोन वर्षांत सभेला एकदाही आला नाहीत (टोमणा नाही, व्यवस्थापक या नात्याने केवळ नोंद). म्हणून आधी बातमी सांगतो. आपला गोबर गॅस पेटला! शेजारच्या वसतिगृहातल्या साठ मुलांचा दोन वेळचा स्वयंपाक त्याच्यावर होतो. तिथला आचारी कवडू बारा वर्षं लाकडाच्या धुरात डोळे पुसत पोळ्या भाजत होता आणि खोकत खोकत वरण ढवळत होता. परवा सबंध जेवण होईपर्यंत तो एकदाही खोकला नाही, तेव्हा मुलांना वाटलं आचारी बदलला. जाळ कसा, तर निळा आणि स्थिर. मी तर सीताबर्डीहून येणाऱ्या पाहुण्यालाही चहाआधी शेगडी दाखवतो. आता येत्या अकरा तारखेच्या सभेत एवढंच ठरायचं आहे, की ज्या सात बायांनी हा जाळ पेटवला त्यांना पक्की नोकरी द्यायची की घरी पाठवायचं.

या सात बाया कोण, हे तुम्हाला माहीत नसणार. गोशाळेत सत्तर गाई. सात बायांनी त्या दहा-दहा वाटून घेतलेल्या. जिच्या वाट्याच्या गाई, तिचंच शेण. ती ते उचलणार, गोवऱ्या थापणार आणि महालातल्या गल्ल्यांतून विकणार. हा हक्क कागदावर कुठे नाही, पण सासूकडून सुनेकडे जातो. त्यांची म्होरकी रंभाबाई. तिला लग्नात सासूने मंगळसूत्राबरोबर दहा गाईंचं शेण दिलं (गाई नव्हेत, नुसतं शेण), आणि त्याच्यावर तिने तीन मुली उजवल्या. तुमचा हा मेहुणा तिथे अठरा वर्षं व्यवस्थापक आहे, पण गोबर गॅसचा नकाशा मंजूर करताना या गोष्टीची त्याला आठवण झाली नाही.

टाकी बांधून झाली. इंजिनिअरसाहेब पान खाऊन गेले. मी बायांना एका रांगेत उभं केलं आणि विज्ञान, प्रगती, देशाचं जंगल आणि बहिणींचे डोळे या चार विषयांवर अर्धा तास बोललो. भाषण उत्तम झालं. रंभाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेण टाकीत जाईन, गॅस पोरांकडं जाईन. अन् आमी कुठं जावं जी?" या मुद्द्यावर माझ्या टिपणात काही नव्हतं. मी म्हटलं, पाहू. दुसऱ्या दिवशी सातपैकी एकही आली नाही.

महादेवराव, सत्तर गाईंचं शेण एक दिवस उचललं नाही तर काय होतं हे मी लिहीत नाही, तुम्ही जेवायच्या वेळी पत्र वाचत असाल. मंडळाने दोन रोजंदारी गडी पाठवले. त्यांनी शेणात पाणी किती घालावं हे एकमेकांना विचारलं, मग मला विचारलं, मी पुस्तकात पाहिलं. तोवर त्यांनी शेणाबरोबर कडबाही ढकलला आणि टाकीचं तोंड बंद झालं. चौथ्या दिवशी मी टोपी घालून रंभाबाईच्या दारात गेलो. (सुभद्राही बरोबर होती. खरं सांगायचं तर तीच पुढे होती.) रंभाबाईचं म्हणणं अगदी साधं निघालं. गोवरी गेली तर गेली, धूर तिलाही नकोच आहे. पण शेण ओळखणारे हात त्यांचे, तर टाकीचं कामही त्यांचंच. महिन्याचा पगार, आठवड्याची सुट्टी, बाळंतिणीला रजा, हात धुवायला साबण. आणि टाकीतून निघणारी मळी वाळवून काटोलच्या संत्रावाल्यांना खत म्हणून द्यायचं कामही बायांकडेच. मी मंडळाच्या वतीने तोंडी हो म्हटलं. मला तो अधिकार नव्हता, हे घरी येताना सुभद्रेने लक्षात आणून दिलं.

बाया आल्या. तीन आठवड्यांत गॅस भरून टाकीचा लोखंडी डोम वर उचलला गेला. मग उद्‌घाटन ठरलं. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, गोठ्याला वास यायला नको, म्हणून मी स्वतः उभं राहून तीन दिवस गोठा फिनाइलने धुवून घेतला. हो, मीच. रंभाबाई ओरडत होती, की हे पाणी टाकीकडं जाऊन राहिलं जी. मी म्हटलं, जाऊ दे, जंतू मरतील. तर गॅस करतात तेच जंतू! ते खरोखरच मेले. साहेबांनी फीत कापली, काडी लावली, शेगडी एकदा फुसफुसली आणि गप्प बसली. साहेबांनी आख्खी काडेपेटी संपवली. शेवटी त्यांचा चहा रंभाबाईच्या घरून आणलेल्या गोवऱ्यांवर झाला आणि त्या धुराने त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते वर्तमानपत्रवाल्याने आनंदाश्रू म्हणून छापलं.

यानंतर या बायांनी जे केलं त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. बिघडलेली मळी त्यांनी बादल्यांनी उपसली. उमरेड रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याच्या चालू गोबर गॅसच्या टाकीतून मळीची पिंपं भरून बैलबंडीने आणली, आणि दह्याला विरजण लावावं तशी ती शेणपाण्याच्या नव्या काल्यात मिसळली. रंभाबाई रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून सांगायची, आज पातळ आहे, आज थंडी लागली, आज ऊन घेऊ द्या. इंजिनिअरसाहेब येऊन मोजून गेले तेव्हा त्यांचा आकडा आणि तिचा हात यांत काही फरक निघाला नाही. अठराव्या दिवशी तिने काडी ओढली. शेगडीने निळा जाळ धरला. माझे डोळे त्या दिवशी धुराशिवायच ओले झाले.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गोपाळराव

ता.क. वरची फिनाइलची हकीकत मंडळाला ठाऊक नाही. उद्‌घाटनानंतर अध्यक्षांनी विचारलं, "बायांनी टाकीत काहीतरी घातलं असन ना?" तेव्हा मी मान हलवली. तोंडाने काही बोललो नाही, पण मान वरून खाली हलली, आणि ती त्यांनी लिहून घेतली. त्याच्यावरून बायांना काढून एक सर्टिफिकेटवाला माणूस ठेवायचं चाललं आहे. हे रंभाबाईला कळलं, तरी ती मला एक शब्द बोलली नाही, टाकीपाशी कालवत राहिली. सुभद्रा बोलली, आणि मग बोलायची थांबली. तेव्हा मिरची जरा राहू द्या आणि अकरा तारखेला नक्की या. मी उभा राहून सगळं सांगणार आहे. पण माझा धीर सुटला, तर हे पत्र तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि सात नोकऱ्यांच्या बाजूने हात वर करा.

ता.क. दुसरा. खरं सांगितल्यावर माझी व्यवस्थापकी राहणार नाही, हे उघड आहे. म्हणून काल रंभाबाईला विचारलं, तुझ्या हाताखाली खताची लिखापढी करायला एखादा वयस्क माणूस चालेल का. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ठेवून घेऊ जी. पण पयला महिना शेण कालवा लागन." मी हो म्हटलं आहे. सुभद्रेला अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही आल्यावर सांगावं.