लेझरचे अठ्ठावीस रकाने

नाशिक,
शुक्रवार, १७ डिसेंबर २००४

तीर्थरूप सुलाआक्कांना मोहिनीचा नमस्कार.

तुमचे गुडघे, यादवरावांचा खोकला आणि लासलगावचा कांद्याचा भाव, हे तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करते. (तिन्ही एकाच वेळी ठिकाणावर असल्याचं लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ऐकलेलं नाही, पण आशा करायला काय जातं.) आमच्याकडे सगळे बरे. दीपक पुण्याला होस्टेलवर, आणि तुमचे धाकटे बंधू कंपनीच्या कामाला कोइमतूरला गेले आहेत. त्यामुळे घरात शांतता आहे आणि दोन पानं सलग लिहायला मला फुरसत आहे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, मोहिनी, डोळ्यांचं काय झालं गं? ती कथा फोनवर मावणारी नाही, म्हणून पत्र.

गेल्या वर्षी सिंहस्थात रामकुंडावर डुबकी मारली तेव्हा माझा चष्मा गोदामाईने ठेवून घेतला, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं सांगितलं नव्हतं. पाण्याबाहेर येऊन मी यांचा हात घट्ट धरला आणि टॉवेल कुठे ठेवलात, किती वेळ थांबायचं, म्हणून चांगलं फैलावर घेतलं. ते गृहस्थ सोलापूरचे निघाले. (त्यांनी एक शब्द न बोलता स्वतःचा टॉवेल माझ्या हातात दिला. विवाहित होते हे वेगळं सांगायला नको.) त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की लेझरने नंबर घालवायचा. उणे साडेसहाचं ओझं तेराव्या वर्षापासून नाकावर वागवते आहे. मला सुंदर दिसायचं नाही, ते वय गेलं. सकाळी डोळे उघडल्यावर उशीखाली चाचपडायच्या आधी भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते दिसावं, एवढीच इच्छा.

यांनी नुसती परवानगी दिली असती तर काम आठवड्यात झालं असतं. यांनी मदत केली.

तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे. अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात आहेत, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या वस्तूत खोट काढायचा पगार घेतात, आणि घरी तेच काम फुकट करतात. यांच्या खात्यात तीन ठिकाणची माहिती काढल्याशिवाय साधा पान्हा घेत नाहीत, मग बायकोच्या डोळ्यांना कसे घेतील? आलेखाचे चार कागद चिकटवून तक्ता झाला आणि बेडरूमच्या कपाटावर लागला. अठ्ठावीस रकाने. नाशिकचा दवाखाना, पुण्याचा दवाखाना, मुंबईचा दवाखाना. जर्मन मशीन, जपानी मशीन, अमेरिकन मशीन. एक म्हणे सेकंदाला दोनशे ठिणग्या टाकतं. दुसऱ्याची ठिणगी म्हणे मोहरीपेक्षा बारीक. तिसरं डोळा हलला की त्याच्या मागोमाग हलतं. (माझा डोळा हलला की लगेच हलणारं कोणीतरी या जगात आहे हे ऐकून मला भरून आलं.)

पुण्याच्या डॉक्टरांनी आपल्या मशीनची ओळख अशी करून दिली की जणू मुलगा दाखवताहेत: घराणं जर्मनीचं, शिक्षण तिकडचंच, निर्व्यसनी. यांनी विचारलं, खंडेनवमीला मशीनची पूजा करता का? डॉक्टर हो म्हणाले, तर लगेच एक रकाना भरला. मुंबईच्या डॉक्टरांना, बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, “रिजेक्शन किती टक्के?” म्हणून विचारलं. ते म्हणाले, “म्हणजे?” हे म्हणाले, “म्हणजे शंभर डोळे आत गेले तर भंगारात किती?” बाहेर बसलेले दोन पेशंट चपला घालून निघून गेले.

आणि प्रत्येक वेळी, तक्ता पुरा होत आला की कुठल्यातरी मासिकात पुढच्या वर्षी नवं मॉडेल येणार असल्याचं छापून यायचं. मग थांबायचं. असं थांबत सव्वा वर्ष गेलं. दीपकच्या लग्नाला या हिशेबाने मुली बघितल्या तर त्याला साठीशांत आणि अक्षता एकाच मांडवात उरकाव्या लागतील.

शेवटी गेल्या महिन्यात नाशिकच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. यांनी टेबलावर तक्ता पसरला. बाईंनी अठ्ठावीस रकाने शांतपणे पाहिले.

“छान केलंय. आणि यांच्या पडद्याची जाडी किती?”

“कुठल्या पडद्याची?” हे खिडकीकडे बघायला लागले.

“बुबुळावरच्या. लेझर तोच तर तासतं. मुळात पुरेसा जाड असेल तर. पातळ निघाला तर कुठलंच मशीन चालत नाही. सव्वा वर्षात मोजला नाहीत?”

आक्का, यांच्या खात्यात मशीनवर चढवायच्या तुकड्याला जॉब म्हणतात, आणि जॉब मोजल्याशिवाय मशीन सुरू करणाऱ्याला हे स्वतः मेमो देतात. तुमच्या लासलगावातसुद्धा कांदा न बघता आधी ट्रकचे टायर मोजत बसणारा व्यापारी कुणी पाहिला नसेल. माझे डोळे सव्वा वर्ष यांच्या समोर होते. यांनी जर्मनी मोजली, जपान मोजला.

परतताना स्कूटरवर हे मुंबई नाक्यापर्यंत गप्प होते. मला वाटलं, चूक कळली. मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं. तेवढ्यात सिग्नल लागला आणि मान मागे वळवून म्हणाले, “मोहिनी, जाडी मोजायची मशीनंसुद्धा तीन-चार कंपन्यांची असतील, नाही?”

दुसऱ्या दिवशी कपाटावर दुसरा तक्ता लागला.

असं आहे सगळं. यादवरावांना नमस्कार, आणि त्यांनी रात्रीचं दही बंद करावं. तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,

मोहिनी

ता. क. – मुख्य गोष्ट लिहायची राहिली. ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांचं, मागच्या गुरुवारी. हे सोमवारी गाडीत बसले, मंगळवारी मी त्याच बाईंकडे जाऊन जाडी मोजून घेतली. पुरेशी आहे. सोबत घरचं माणूस हवं म्हणाल्या, म्हणून आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या भागीबाईंना नेलं. बाईंनी नातं विचारलं तर भागीबाई म्हणाल्या, “नात्याचं काय घिऊन बसल्या डाक्टरीनबाई? सोळा वर्सं हाय मी यांच्याकडं. आता मालकाला इचारत बसलं तर लय टाइम जाईल, तवर डोळं बी ऱ्हायाचं नाय!” बाईंनी सहीचा कागद पुढे केला.

भीती वाटली, आक्का. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. आत लाल ठिपक्याकडे बघत पडायचं होतं, तेव्हा डोक्यात एकच विचार, की हे म्हणत होते त्यातलं एखादं खरं असलं तर? मशीन कुठल्या देशाचं ते विचारायचं धाडस झालं नाही. वीस मिनिटांत बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर भिंतीवर सहा वाजून अकरा मिनिटं झाली होती. मी सहा छत्तीसपर्यंत नुसती घड्याळ बघत पडून राहिले. दूधवाला दोनदा बेल वाजवून गेला.

हे उद्या येतात. रागावतील, आणि रागापेक्षा जास्त म्हणजे खचतील. दोन्ही तक्ते वाया गेले. हे कुणाचं ऐकत असतील तर तुमचं. म्हणून पत्र मिळताच निघून या. मी सांगेन, तुम्ही फक्त शेजारी बसा. हात जोडून सांगते.

ता. क. दुसरा, मंगळवार – घरात तिकीट नव्हतं म्हणून पत्र पडून राहिलं, तोवर हे आले. आज चौथा दिवस. यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. दारातच कडी दोन मिलिमीटर खाली आल्याचं दिसलं. पडद्याची शिवण तिरकी असल्याचं दिसलं. पोळीच्या कडा जाड आहेत तेही दिसलं. मी रोज चष्म्याशिवाय समोर बसून जेवते.

काल टीव्हीवर पडलेला माझा चष्मा यांनी उचलला, बनियनला नीट पुसला, “कुठेही टाकतेस, काचेला चरे पडतील,” म्हणत माझ्या हातात दिला. मी सवयीने घातला. त्यातून हे अगदी धूसर दिसले, केस काळे, पोट नाही. इतके देखणे वाटले, आक्का, की लगेच काढवेना.

तेव्हा यायची घाई करू नका.