शेंदराआडचा चेहरा

प्रिय हेमामावशी,

आपण एकाच घरात राहतो, तरी पत्र लिहितेय. सकाळी चहा करायला उठशील तेव्हा साखरेच्या डब्याखाली सापडेल. वाचून झाल्यावर मला उठवू नकोस, आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. बातमी आधी सांगते. चित्र पास झालं. कळव्याच्या गावदेवीच्या देवळात, गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर ते लागणार आहे. आज परत येताना मी रिक्षात एकटीच हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे नीट बघून घेतलं, बहुतेक भाडं देईन की नाही याची त्याला काळजी वाटली.

चित्र कुठलं ते तुला माहीत आहे. गेले कित्येक दिवस तू माझ्या काळ्या बोटांचे ठसे फ्रिजवरून पुसते आहेस. 'घर आहे की कोळशाची वखार?' हे तुझं वाक्य आता मला पाठ झालंय. पण त्यामागची खरी अडचण मी तुला सांगितली नव्हती. आजवर मी काढलेल्या सगळ्या देवांना चेहरे होते. विठोबा, दत्त, अंबाबाई, सगळ्यांचे फोटो मिळतात. प्रमाण मोजायचं, पेन्सिलने बारीक आखून घ्यायचं, मग कोळशाने सावल्या भरायच्या. ते मला जमतं, कारण कंपनीत दिवसभर मी सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करते, तेही असंच काम आहे. ही गावदेवी मात्र तांदळा आहे, शेंदूर चढवलेला ओबडधोबड दगड. नाक नाही, डोळे नाहीत. आमच्या मानपाड्याच्या कंपनीतला रतन त्याच गावचा. त्याने माझी चित्रं मोबाईलवर बघितली आणि म्हणाला, आमच्या देवीचं पण काढ ना, मोठ्ठं, आम्ही लावतो देवळात. कमिटीतली तरुण मुलं लगेच तयार झाली. पण देवीची पूजा जिच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे ती ठमाबाई म्हणाली, "जिला तोंड नाय, तिला तोंड देनारी ही कोन?" रतनने हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. प्रश्न बरोबर होता. तिने नाही म्हटलं असतं तर चित्र परत आलं असतं, आणि मग मी देव काढणं सोडून दिलं असतं. तसं मी ठरवूनच टाकलं होतं.

आधी मी हॉलमधल्या आईच्या फोटोवरून काढून बघितलं. हे तुला कसं वाटेल माहीत नाही, पण खरं ते लिहिते. फोटोत एकच एलेव्हेशन असतं, समोरून दिसणारं. बाजूने नाक किती पुढे येतं, हसताना गाल कुठे वर जातो, खाली बघताना पापणी कशी पडते, हे त्यात नसतं. ती गेली तेव्हा मी फार लहान होते. बाकीच्या बाजू माझ्याकडे नाहीतच. मी तो कागद बाजूला ठेवला.

मग काहीच समोर न ठेवता सुरुवात केली, आणि मावशी, चेहरा भराभर येत गेला. माझा हात कधी इतकी घाई करत नाही. नथीचा मोती काढावा लागत नाही, तेवढा कागद पांढरा सोडायचा आणि भोवती काळोख भरायचा. तसंच कपाळ आलं, तसेच गाल आले. डावी भुवई जराशी वर राहिली. मोजून बघितली, चूक होती. रबर हातात घेतलं आणि परत ठेवलं, कारण ती भुवई माझ्या ओळखीची होती. सुईत दोरा ओवताना ती तशीच वर जाते, कुकरची शिट्टी मोजताना पण. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असतात. ते काढताना मला काहीच ठरवावं लागलं नाही.

आज मी ते घेऊन देवळात गेले. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो. वरून पक्का करायचा फवारा मारेपर्यंत तो बोट लागलं तरी पुसला जातो. मी फवारा मुद्दाम मारला नव्हता. तिथे कुणी काही बदल सांगितला तर करता यावा म्हणून. ठमाबाई देवळाच्या ओट्यावर बसली होती. बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. रतन माझ्या शेजारी उगाचच घसा खाकरत होता. मग ती म्हणाली, "ही तुझ्या मनातली नाय गो. बघितलेली हाय. कोन ही?" मी दोन शब्दांत सांगितलं. तिने विचारलं, "रागवते तुला?" मी म्हटलं, रोज. "मंग बरोबर हाय," म्हणाली, आणि करंड्यात बोट बुडवून तिने थेट चित्राच्या कपाळावर कुंकू टेकवलं. "आजी, कोळसा हाय तो!" रतन ओरडला, पण तोवर बोट फिरलं होतं. काळ्यात लाल मिसळून डाग भुवईपासून केसांपर्यंत गेला. माझ्या कागदाला कुणी हात लावलेला मला चालत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आज मी तिचा हात धरला नाही. रतन म्हणाला, क्षिप्रा नीट करून देईल. ठमाबाई त्याच्यावरच उखडली, "आता कुनी हात लावायचा नाय. कुंकू लागलं. आता ती आमची." तशीच डागासकट फ्रेम होणार आहे. आणि मला तो डाग हवा आहे.

आता पत्र कशासाठी, ते. तू या घरात आलीस तेव्हा बाबांनी मला 'मावशी' म्हणायला शिकवलं, आणि तू कधी दुसरं काही मागितलं नाहीस. ठमाबाईला मी जे दोन शब्द सांगितले, ते 'माझी आई' हे होते. ते तोंडातून चुकून गेले नाहीत. रिक्षात मी ते पुन्हा पुन्हा तपासले. बरोबर आहेत. फक्त ते तुझ्याआधी दुसऱ्या कुणी ऐकले, हे मला पटत नाही. आणि समोर सांगायला गेले तर तू चहा गाळत असशील आणि मी गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलायला लागेन. मंगळवारी जत्रा आहे. ठमाबाईने तुला बोलावलंय, तिला तुझी ओटी भरायची आहे. ती हिरवी साडी नेस. ठमाबाई तुला साऱ्या गावासमोर 'क्षिप्राची आई' म्हणून हाक मारेल. तिला दुरुस्त करू नकोस.

तुझीच,
क्षिप्रा