बायकोच्या हमीपत्रावर

११ जानेवारी १९७६, रविवार. सकाळी सात.
अमेरिकेच्या सरकारला माझा उजवा कान पाहायचा आहे. सत्तेचाळीस वर्षांत या कानाची चौकशी कोणी केली नव्हती. डाव्याची होत असे. वाईच्या पाठशाळेत गुरुजी तोच पिळत. आता मुंबईच्या वकिलातीचा कागद म्हणतो, फोटोत मान किंचित वळलेली हवी, उजवा कान पूर्ण दिसायला हवा, डोक्यावर काही नको. म्हणजे टोपी उतरवायची. एवढ्या बलाढ्य राष्ट्राने सांगलीच्या एका संस्कृत शिक्षकाचा कान धरावा, याचा इथे निषेध नोंदवून ठेवतो.
बाकी यादी किरकोळ. जन्माचा दाखला, लग्नाचा पुरावा, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी. लीलाचं हमीपत्र शिकागोहून आलेलंच आहे. त्यात तिने शपथेवर लिहिलंय की हा इसम सरकारवर भार होणार नाही, त्याचा सगळा खर्च मी सोसेन. संस्कृतात नवऱ्याला भर्ता म्हणतात, म्हणजे पोसणारा. असो. तात्पुरती व्यवस्था आहे.
लीला तिथे इस्पितळात नर्स. जाऊन अडीच वर्षं झाली. एकटी कशी निभावते कोण जाणे. मी गेलो की तिची सोय होईल. फेब्रुवारीअखेर विमानात. शाळेत अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१३ जानेवारी.
याकूबच्या स्टुडिओत गेलो. तीन प्लेटा वाया गेल्या. याकूब म्हणाला, सर, हसू नका. मग म्हणाला, पण रडू बी नका. मी दोन्हीतलं काहीच करत नव्हतो.

१६ जानेवारी.
फोटो आले. कान उत्तम. याकूबने निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालचं काळं, सगळं नाहीसं केलंय. मुलींचे फोटो स्थळांना पाठवतात, तेव्हा करतात तसं. म्हणाला, तुमच्याकडनं त्याचे पैसे घेत न्हाई सर, वैनींना जरा बरं वाटू दे. फोटोत मी तिशीचा दिसतो. एक प्रत लीलाला वेगळ्या पाकिटातून पाठवली.

१८ जानेवारी, रविवार. पलूस.
आमच्या लग्नाची नोंद कुठेच नाही. पंचवीस वर्षं कोणाला संशय आला नव्हता. लग्नात हजर असलेल्या दोन माणसांचं प्रतिज्ञापत्र लागतं म्हणून धाकट्या भावाकडे आलो. हंबीररावाने आधी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. म्हणाला, “आवं दादा, नवरा बायकूला नांदायला आणतो म्हाईत हाय. हे उलटं कवापासनं?” मी त्याला जग बदलत असल्याचं समजावलं. तो म्हणाला, व्हय, पर आपल्याच घरातनं कशापायी?
दुसरी साक्षीदार शालूआत्या. वय ऐंशीच्या घरात. वकिलाने विचारलं, यांचं लग्न तुमच्यासमोर झालं का? आत्या म्हणाली, “झालं की. बुंदी कमी पडली हुती. नवरीनं सोता उठून वाढाय घेतलं. ह्यो आपला बसला हुता पाटावर, मुंडावळ्या सावरत.” वकिलाने बुंदी गाळली आणि अंगठा घेतला.

२६ जानेवारी. झेंडावंदनानंतर.
संकल्प. १) पहाटे पाचला उठणे. २) आरशासमोर अर्धा तास इंग्रजी संभाषण. ३) स्वयंपाक शिकणे. लीला ड्यूटीवरून येईल तेव्हा गरम जेवण तयार हवं.
प्रारंभ पिठल्याने.

२७ जानेवारी.
पातेलं शेजारच्या बयाबाई घेऊन गेल्या. म्हणाल्या, राखेनं निघतंय का बघते, न्हाई तर कुंडी करा त्याची. रात्री खानावळीत जेवलो. संकल्प दोन चालू आहे. आरशातला माणूस उत्तर देत नाही, ही अडचण.

३१ जानेवारी.
पोलीस ठाण्यात फौजदार म्हणून मानसिंग निघाला. आठवीत संस्कृतात त्याला शंभरात नऊ मिळाले होते. माझी वर्तणूक चांगली असल्याचा दाखला त्याने द्यायचा. पेन टेकवण्याआधी तो बराच वेळ विचार करत होता. शेवटी म्हणाला, सर, तुमी लय मारायचा. मग सही केली आणि चहा मागवला. निघताना म्हणाला, बाईंनी आमच्या आईला इस्पितळात लय सांभाळलं हुतं, त्यांना नमस्कार सांगा. माझ्याविषयी तसं काही बोलला नाही.

५ फेब्रुवारी. मिरज.
वैद्यकीय तपासणी. देवीची लस टोचली. गुप्तरोग आहे का पाहायला रक्त घेतलं, म्हणजे त्यातून माझ्या चारित्र्याचा तपास होणार आहे. मग छातीचा एक्स-रे. डॉक्टर तरुण, लीलाचा जुना सहकारी. फिल्म उजेडात धरून म्हणाला, उजव्या बाजूला सावली आहे. पूर्वी कधी छातीत पाणी झालं होतं का? मी नाही म्हणालो.
झालं होतं. एकसष्ट साली. पण त्याच्या विचारण्याचा सूर मला आवडला नाही.

८ फेब्रुवारी.
विचारांती ठरलं की सावली फिल्मवर आहे, छातीत नाही. धुण्यातला दोष. फिल्म घेऊन याकूबकडे गेलो. म्हटलं, एवढं पेन्सिलीने बुजवून दे. त्याने फिल्म खिडकीशी धरली, खूप वेळ पाहिली. म्हणाला, “सर, तोंडावरचं मी काढतो. आतलं कसं काढू? उद्या तुमाला काय झालं तर वैनी मला इचारतील.” चहा पाजून परत पाठवलं. कारागीर म्हणून याकूब मर्यादित आहे.

१० फेब्रुवारी.
डॉक्टरला एकसष्ट साल सांगितलं. मग त्याला आठवलं, लीला त्याला सांगत असे. एकवीस दिवस ती माझ्या खाटेशी बसली होती आणि त्यानंतरच तिने नर्सिंगला नाव घातलं. म्हणजे तिच्या कर्तृत्वाचं मूळ माझ्या फुप्फुसात आहे.
तरी क्षय नाही ना, म्हणून थुंकी तपासायला ठेवली. खात्रीचा निकाल यायला दोन महिने. दोन महिने! केवढा हा अन्याय.
रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. हवा पालटली असावी.

१९ फेब्रुवारी.
लीलाचा एरोग्राम. नऊ ओळी.
‘फोटो मिळाला. हा चालणार नाही, ओळख पटत नाही. नवीन काढावा.’ विनोदबुद्धी शाबूत आहे.
‘मोटार चालवायला शिकले. सेकंडहँड घेतली.’ काय वेळ आली आहे बिचारीवर.
‘इथे थंडी फार. तुमच्या छातीला सोसेल का, ते डॉक्टरांना नीट विचारावे.’ किती ही काळजी.
‘कागदांची घाई करू नये. शाळा चालू ठेवावी.’ माझ्या अध्यापनाविषयी तिला पहिल्यापासून आदर.

२१ मार्च.
पहाटे पाचला उठलो. लघवीला. पुन्हा झोपलो.
नवा फोटो काढला. याकूबला पेन्सिल खाली ठेवायला लावली. आता उजवा कान सोडला तर फोटोत पाहण्यासारखं काही नाही.

१२ एप्रिल.
निकाल आला. जंतू नाहीत. डॉक्टर हात हातात घेऊन म्हणाला, जुना व्रण आहे सर, बरा झालेला. सर्टिफिकेट घ्या आणि जा आता. बाई वाट पाहत असतील.
मी म्हटलं, पुन्हा एकदा तपासून घेऊ या का? तो हसला. मी गंमत करतोय असं त्याला वाटलं.
सगळे कागद एका पाकिटात घातले. आज पोस्टाला उशीर झाला होता. साडेतीन वाजले होते.

१४ एप्रिल.
पोस्टात गर्दी असेल असं वाटलं. गेलो नाही.

१८ एप्रिल, रविवार.
हंबीरराव आला. हुरडा सरलाय, म्हणून काकवीची बरणी घेऊन. कागद पुरे झाले म्हटल्यावर खूश झाला. मग विचारलं, “वयनी काय म्हंत्यात? कवा या म्हणाल्या?” मी म्हटलं, पत्रात आहे.
तो गेल्यावर पत्रं काढली. एकूण एकोणतीस. तारखांप्रमाणे लावून पहिल्यापासून वाचली. फॉर्म कसे भरायचे ते आहे. माझ्या औषधांची चौकशी आहे. बर्फ आहे, मोटार आहे, ड्यूटी आहे. ‘या’ असं कुठे नाही. हमीपत्रही मी मागितलं, म्हणून तिने पाठवलं. लगेच पाठवलं, हे खरं.
संध्याकाळपर्यंत बसून होतो. छाती चांगली आहे. इंग्रजीचं कसंही भागेल. पिठलं मला येणार नाही, पण ती करील.
माझ्यावाचून तिचं आता काही अडत नसेल, याची मला भीती वाटते. तिच्यावाचून माझं अडतं, हे मी तिला अडीच वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही.