दोघं पुढे या

रवि. २७ जुलै १९९७

अण्णांना मुंबईहून इथे परदेशात आणल्यापासून घरात रोज एक भांडण. आज पंख्यावरून. वारा बाधतो म्हणे, बंद कर. क्वीन्सटाउनच्या नवव्या मजल्यावर पंखा बंद केला तर आपण सगळे शिजू, हे वडिलांना कोण सांगणार? मी सांगितलं. सुषमाने बायकोच्या हक्काने दटावलं, आवाज खाली. मग तेच खालच्या आवाजात सांगितलं.

केतकीला शाळेत इतिहासाचं प्रोजेक्ट. परक्या राजवटीवरची नाराजी वाढत वाढत स्वातंत्र्याच्या लढाईपर्यंत कशी गेली. वर्गातली बाकीची पोरं इंडोनेशिया घेताहेत, डच लोक वगैरे. हिला घरातच माणूस मिळाला. सेहेचाळीस साली मुंबई बंदरात नौसैनिकांचं बंड झालं त्यात अण्णा होते. बॉयलरवरचे स्टोकर, मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. ही टेपरेकॉर्डर लावून समोर बसली.

"आजोबा, हाउ डिड इट स्टार्ट?"

"डाळीपासून."

"डाळ? सिरियस लाह, आजोबा." इथल्या पोरांसारखं हिचंही वाक्यामागे लाह.

"डाळीत खडे. भातात अळ्या. गोऱ्याला त्याच जहाजावर पाव, लोणी, अंडी. काम दोघांचं एकच."

"दॅट्स ऑल? डाळीसाठी कोण वॉर करतं?"

अण्णा उठून आत गेले. केतकी माझ्याकडे बघते. मी काय करू?

बुध. ३० जुलै

रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात, एसीच्या त्या गारठ्यात बसून मी मे महिन्यापासून एकच गोष्ट मागतोय. जहाजाच्या मीट रूमला, म्हणजे मटणाच्या थंड कोठीला, नवा कॉम्प्रेसर. जहाज इथेच, पूर्वेच्या अँकरेजमध्ये नांगर टाकून उभं. आत मटण सडतंय, गोड्या पाण्याची टाकी गंजलीय. त्या जहाजाच्या इंजिनापासून नळापर्यंत सगळ्याची जबाबदारी कंपनीने माझ्यावर टाकलीय आणि पैशाची सही मात्र दिवेकरांची. दिवेकर म्हणजे आमचे फ्लीट मॅनेजर, दादरचे, माझे साहेब. आज पुन्हा खोडलं.

"विनायक, थायलंडमध्ये काय चाललंय बघतोस ना? खर्च आवर जरा."

थायलंडच्या चलनाचा, बाटचा, भाव पडला म्हणून आमच्या खलाशांनी सडकं खायचं. हे मी तोंडावर बोललो नाही. इथे लिहितोय, शूर माणूस!

शनि. २ ऑगस्ट

जहाजाने आज निघायचं होतं. क्रूने नांगर उचलायला नकार दिला. स्वयंपाक करतात, पहारा देतात, इंजिन बघतात. फक्त नांगराला हात लावत नाहीत. भाड्याची लाँचबोट करून जहाजावर गेलो तेव्हा डोकं फिरलेलं. जहाज एक दिवस उभं राहिलं की कोणाची मान धरतात? माझी.

बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा प्रमुख, इब्राहिम मुकादम, रत्नागिरीकडचा, दाढी पिकलेला, त्याने कागद दिला. मधोमध तक्रार आणि सह्या चारी बाजूंनी गोल. वाचायला कागद फिरवावा लागतो.

"हे काय मुकादम, रांगोळी?"

"गोलात पयला कोण ते कळत नाय, साहेब. आमच्यात जुनी रीत आहे."

मी नळ सोडला. पाणी चहाच्या रंगाचं. प्यायलो नाही. ते रोज पितात.

राग त्यांच्यावर काढायला आलो होतो, तो निघेना. म्हटलं, "एवढ्या जणांशी एकदम कसा बोलू? दोघं पुढे या. शब्द देतो, कोणाला काही होणार नाही." मग मुकादम आला. त्याच्यामागून इंजिनरूमचा मोटरमन पेडणेकर. दोघं नीट बोलले, आरडाओरडा नाही. कॉम्प्रेसर, ताजी भाजी, गोडं पाणी आणणारी बार्ज, एवढंच मागणं. मी हो म्हटलं. सोमवारी नांगर उचलतो म्हणाले. स्वतःवर खूश होऊन परतलो.

जेवताना कौतुकाने सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला.

"पुढे या म्हणालास?"

"बोलायला कोणीतरी लागतंच ना, अण्णा."

"आम्हालाही हेच म्हणाले होते."

ताटातच हात धुतला. सुषमा माझ्यावरच चिडली, जेवताना ऑफिस कशाला काढलंस म्हणून.

मंगळ. ५ ऑगस्ट

काल जहाज हललं. पण लांब नाही, पलीकडच्या बंकरिंगच्या, तेल भरायच्या जागेपर्यंत. तेल, कॉम्प्रेसर आणि पाणी घेऊन मग पुढे जाईल असं ठरलं. दिवेकर खूश. खुर्चीतून उठून आले.

"छान हाताळलंस. कोण रे ते दोघं?"

मी मूर्ख. मला वाटलं शाबासकी द्यायचीय. मुकादम आणि पेडणेकर, सर, फार समंजस माणसं, वगैरे स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

"गुड. दोघांना इथेच उतरव. सीडीसीत वर्तनापुढे खराब शेरा घालायला कॅप्टनला सांग. मुंबईच्या एजंटांना मी कळवतो."

सीडीसी म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, त्याचं पोट. त्यात तो शेरा पडला की कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही. मी म्हटलं, सर, मी शब्द दिलाय. तर म्हणे, तू दिलायस, कंपनीने नाही. आणि त्याच दमात, "अरे, सोळा तारखेला इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अण्णांना स्टेजवर बसवतोय. स्वातंत्र्याची पन्नास वर्षं! शाल, श्रीफळ, माझ्या हस्ते. त्यांना दोन शब्द बोलायला सांग."

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मी मान डोलावून बाहेर आलो. साहेब गोरा असता तर शिव्या देणं सोपं गेलं असतं. हा दिवाळीला आमच्याकडे चकल्या खाऊन गेलाय.

गुरु. ७ ऑगस्ट

आज अण्णा आपणहून केतकीला म्हणाले, लाव तुझं यंत्र. मी पेपरमागे बसून ऐकत होतो. पहिल्यांदाच ऐकत होतो, हेही खरं.

आधी त्यांनी अदबीने सांगून पाहिलं. सर, डाळीत खडे आहेत. ऑफिसराने आईवरून शिवी दिली. मग कोणीतरी भिंतीवर रंगाने लिहिलं, चालते व्हा. लिहिणारा पकडायला धरपकड, मारहाण. मग एका सकाळी कोणीच नाश्त्याला हात लावला नाही.

"डाळ तीच होती," अण्णा म्हणाले. "आम्ही लढाईवर जाऊन आलो होतो. इंग्रजाच्या राज्यासाठी मरायला चालतो आणि जेवायला माणूस नाही? हे एकदा डोक्यात शिरलं की बाहेर निघत नाही बघ."

बंडाचं लोण एका जहाजावरून दुसऱ्यावर गेलं. युनियन जॅक उतरवले. काँग्रेसचा, लीगचा आणि लाल, तिन्ही झेंडे एकाच काठीवर. केतकीने विचारलं, वॉर आहे हे कधी कळलं?

"गोळीबार झाला तेव्हा. आम्ही तोफा फिरवल्या. गेटवेपाशी लोक जेवण घेऊन आले, हॉटेलवाले, बायका, फळवाले. पोलीस त्यांच्यावर गोळ्या झाडत होते तरी आले. तेव्हा वाटलं, हे आता आमच्या एकट्याचं राहिलं नाही."

"देन?"

"मग आपलेच पुढारी म्हणाले, हत्यारं खाली ठेवा, कोणाला त्रास होणार नाही. ठेवली. साहेब आले. तुमच्यातले दोघं पुढे या, तक्रार सांगा. मी गेलो. मला वाटलं, ऐकायचंय त्यांना."

कोठडी, मग नौदलाचा गणवेश काढून घेऊन घरी. पुढच्या वर्षी देश स्वतंत्र झाला.

"देन इंडियन नेव्ही मस्ट टेक यू बॅक, राइट? यू ऑल जिंकलात, वॉट!"

"जिंकणारे वेगळे होते, बाळा. आम्हाला कोणी बोलावलं नाही."

बोलावलं नाही ते नाहीच. म्युनिसिपालिटीच्या पंपावर जन्म काढला. आमच्या घरात बंडाचा विषय निघाला की आई उठून शिवणाच्या मशीनवर बसायची आणि ते जोरात चालवायची. मला तो आवाज आठवतो, गोष्ट नव्हती माहीत.

शनि. ९ ऑगस्ट

इथला राष्ट्रीय दिन. समोरच्या ब्लॉकवर प्रत्येक कठड्याला झेंडा. खाली पोरं शिट्ट्या फुंकताहेत. आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात, दार लोटून.

मी शेरा घालायला नाही म्हटलं तर नोकरी जाणार. नोकरी गेली की माझा एम्प्लॉयमेंट पास, इथे राहायचा परवाना, रद्द. पास गेला की फ्लॅट, केतकीची शाळा, सगळं गुंडाळून परत. केतकीला मराठी नीट वाचता येत नाही, तिला तिकडे कुठल्या शाळेत घालणार?

सु.ला म्हटलं, काय करू? भडकली. "मला विचारू नकोस. घाल म्हटलं तर मी वाईट, नको म्हटलं तर उद्या तूच म्हणशील तुझ्यामुळे गेलं सगळं. त्या माणसांना पुढे तू बोलावलंस ना? मग माझ्याकडे काय बघतोस?"

कांदा चिरत होती. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं असं म्हणाली. मला तिचाही राग आला, कारण बरोबर होती.

सोम. ११ ऑगस्ट

दिवेकर: गुरुवारपर्यंत दोघं उतरलेले हवेत. अण्णांच्या शर्टाचा रंग कुठला, बॅनर मॅच करायचाय.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, त्या दोघांचं काय झालं. सांगितलं.

"आणि शाल मला तोच माणूस घालणार?"

"नाटक करू नका, अण्णा. माझं पोट आहे त्यात."

"मी काय म्हटलं?"

"तुम्ही काही म्हणत नाही हेच! तुम्ही पुढे गेलात, मोठे झालात. आणि आईने जन्मभर लोकांचे परकर शिवले. तुम्हाला सांगितलं होतं का तिने, जा म्हणून?"

बोलून गेलो. मागे घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. अण्णा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, विनू. तुझं झालंय. माझ्याकडे बघून काही करू नकोस." आणि आत जाऊन पंखा स्वतःच लावला.

राग यायचा तो येतोच आहे, पण कोणावर हे आता कळेनासं झालंय.

गुरु. १४ ऑगस्ट

सकाळी लाँचने जहाजावर. जाण्याआधी स्टोअर्सला फोन केला. कॉम्प्रेसर? ऑर्डरच रद्द. पाण्याची बार्ज? तीही. दिवेकरांनी मंगळवारीच केली. क्रूला तोंडाला पानं पुसायची आणि दोघांना हाकलून बाकीच्यांना धाक घालायचा. आणि ते सगळं माझ्या शब्दावर!

मुकादमची बॅग भरून डेकवर. पेडणेकर बाजूला, मान खाली. मुकादमने सीडीसी माझ्या हातात दिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमी सांगितलंव म्हणून पुढे आलो. नायतर मी सगल्यांना शिकवलेलं, गोल सोडायचा नाय."

मी कॅप्टनच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, दोघांचं वर्तन उत्तम लिहा, आणि दोघं जहाजावरच राहतील. कॅप्टन पांढरा पडला. "मला लेखी द्या, मी काही माझ्या अंगावर घेणार नाही." दिलं लेखी.

मग बॅगेतून तो गोल सह्यांचा कागद काढला. पेडणेकर आणि कुक यांच्या सह्यांमध्ये थोडी जागा होती. तिथे माझी सही केली. तिरकी, बाकीच्यांसारखी. मुकादम बघत होता. कागद ऑफिसात आणून थेट जहाजाच्या लंडनमधल्या मालकांना फॅक्स केला, दिवेकरांना वळसा घालून. मशीनमधून कागद आत सरकताना वाटलं ओढून घ्यावा. घेतला नाही.

घरी आल्यावर आधी सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि कपाटावरच्या रिकाम्या बॅगांवरची धूळ पुसायला लागली. रडली नाही, भांडली नाही. त्याची जास्त भीती वाटली.

अण्णांपुढे कागद ठेवला. त्यांनी चष्मा लावला. माझी सही कुठे आहे ते मी सांगितलं नाही. त्यांनी कागद हळूहळू फिरवला, एकदा पूर्ण, मग पुन्हा एकदा. सापडली तेव्हा तिच्यावर बोट ठेवून बसले.

"चटकन दिसत नाही," म्हणाले.

शनि. १६ ऑगस्ट

लंडनहून काही नाही. काल दिवेकर ऑफिसात दिसले, मी दिसलोच नाही असं करून गेले. आज सकाळी आन्सरिंग मशीनवर त्यांचा आवाज, इंग्रजीत, एकदम परका. सोमवारी नऊला भेट, पास आणि पासपोर्ट घेऊन ये. जरा थांबून मग मराठीत, "संध्याकाळी अण्णांना वेळेवर आण."

सु. तो निरोप दोनदा ऐकून म्हणाली, लाज नाही माणसाला. आठवडाभरात पहिलंच वाक्य माझ्या बाजूचं.

मला वाटलं अण्णा जाणार नाहीत. जेवण झाल्यापासून पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट घालून सोफ्यावर बसलेत. केतकी टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घालतेय. प्रोजेक्ट द्यायचंय सोमवारी, शेवट अजून लिहिलेला नाही म्हणते.

मी म्हटलं, "अण्णा, नको असेल तर सांगतो तब्येत बरी नाही म्हणून. त्याच्या हातून शाल कशाला घेताय?"

"शालीचं बघू. दोन शब्द बोलायला सांगितलंय ना?"

"हो."

"मग तो माइक देणारच," अण्णा म्हणाले. "आणि विनू, तो कागद बरोबर घे."

खाली टॅक्सी आलीय.