रघुजीअण्णांची ओळ

चामराजपेट, बंगळूर
१२ ऑगस्ट १९६८

प्रिय हयवदन,

तुझं पत्र परवा मिळालं. नऊ वर्षांनी. ‘आता तुझी तब्येत चांगली असेल अशी आशा करतो’ हे पहिलंच वाक्य वाचलं, पत्राची घडी घातली आणि आधी भाजी चिरून घेतली. अरे, माझी तब्येत नऊ वर्षांपूर्वीही चांगलीच होती. विमलाच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं आपल्या नाट्यमंडळाच्या बैठकीत तू सांगितलंस. लोकांनी ते घरोघरी पोचवलं. अजूनही लग्नकार्यात बायका माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू, सावकाश बोलतात. तीन स्थळं त्यावरून परत गेली. शाळेतली नोकरी तेवढी टिकली, कारण आमच्या मुख्याध्यापिकाबाईंना मराठी येत नाही.

मंडळाला पंचवीस वर्षं झाली, तू पुण्याचा नावाजलेला दिग्दर्शक म्हणून पाहुणा येणार, स्मरणिका निघणार, हे सगळं इथे कळलंच होतं. तिच्यासाठी मी दोन पानं लिहावीत आणि त्यात ‘रघुजींनी आपण होऊन, मोठ्या मनाने ती भूमिका मला दिली’ हे यावं, अशी तुझी इच्छा. कुणीतरी जुनं उकरून काढतंय म्हणे, म्हणून माझ्या सहीचं हवं. मी लिहायला बसले होते रे. पण पेन उचललं की जे झालं तेच कागदावर यायला लागलं. म्हणून ते आधी तुलाच लिहिते.

रघुजीअण्णा मंडळाच्या पहिल्या वर्षापासून बायकांची कामं करत. दिवसभर कापसाच्या गिरणीत आणि संध्याकाळी तालमीला. गणपतीच्या नाटकाआधी महिनाभर मिशा काढून टाकायचे आणि गिरणीतल्या लोकांची थट्टा हसत सोसायचे. प्रयोगाच्या दिवशी लुगडं नेसून झालं की ठकुअक्का मेकअपच्या खोलीत येऊन त्यांची ओटी भरायच्या. बायकोने नवऱ्याची ओटी भरायची ही रीत आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही. आज हा माणूस घरची बाई आहे, तिला रिकाम्या ओटीने रंगभूमीवर पाठवायचं नाही, असं त्या म्हणायच्या. आपण लहानपणी दाराच्या फटीतून ते पाहायचो आणि खिदळायचो.

मग सत्तावन्न साली तुझ्या काकांनी विलायती शोकांतिकेवरून ते नाटक बेतलं. सरदार आपल्या धन्याला जेवायला बोलावतो आणि बायकोच्या नादाने, गादीच्या लोभाने त्याला संपवतो. पुढे मेलेला धनी भर पंगतीत पाटावर येऊन बसतो आणि सरदाराशिवाय तो कुणाला दिसत नाही. तुला नाटक पुण्याच्या स्पर्धेत न्यायचं होतं. तिथे पुरुषाने केलेली सरदारीण पाहून लोक हसतील, हे तुझं म्हणणं. ते खरंही असेल. पण आपण ते रघुजीअण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते तालमीला आले नसते, आणि मला शिकवणार कोण? संध्याकाळी ते काम करायचे, मी कोपऱ्यात बसून पाहायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गिरणीत असताना तुझ्या माडीवर मी तस्संच करून दाखवायची. दीड महिना आपण हे केलं. दोष एकट्या तुझ्यावर घालत नाही. मला ती भूमिका हवी होती, तुझ्याहूनही जास्त हवी होती. आणि तूही हवा होतास.

प्रयोगाच्या दिवशी ते मिशा काढून, लुगड्याचं गाठोडं काखेत घेऊन आले तेव्हा मी आरशासमोर सरदारीण होऊन बसले होते. तू बाहेर खुर्च्या मोजायला निघून गेलास. एवढं धैर्य तुझं. मागोमाग ठकुअक्का खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. रघुजीअण्णांनी काखेतलं गाठोडं खाली ठेवलं. मग बायकोला म्हणाले, “आता आणलंच आहेस तर हिची भर.” आणि मला, नेहमीसारखं कानडी मिसळून, “सरी, ठीक आहे, स्वल्प हळू बोल, घाई करू नको. अडलीस तर मी विंगेत आहे.” ठकुअक्कांनी माझी ओटी भरली. त्यांचा हात स्थिर होता, माझाच पदर हातातून निसटत होता. त्या दिवशी मी दोनदा अडले आणि दोन्ही वेळा त्यांनी विंगेतून ओळ दिली. पुण्यालाही तेच आले, वही घेऊन, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. पदक मला मिळालं.

दुसऱ्या वर्षी कापसाच्या धुळीने त्यांची छाती भरली आणि संक्रांतीच्या सुमारास ते गेले. आपण ठकुअक्कांना भेटायला गेलो, तर परत येताना रस्त्यात तू मला पुढच्या प्रयोगाच्या तारखा सांगत होतास. मला ते खटकलं आणि तरी मी तारखा लक्षात ठेवल्या.

एकोणसाठचा तो प्रयोग. पंगतीचा प्रवेश, तू सरदार, पाटाकडे टक लावून उभा. माझी ओळ होती, “पाट रिकामा आहे.” तीन शब्दांची ओळ, आणि मला एकही शब्द आठवेना. प्रॉम्प्टर प्राणेश फ्यूज उडाला म्हणून मागे धावला होता. विंगेत त्याचं स्टूल होतं, स्टुलावर वही होती आणि माणूस नव्हता. आणि तिथून रघुजीअण्णांच्या आवाजात, हळू, घाई न करता ओळ आली. मी गोठून गेले. प्रयोग संपल्यावर मी ते तुला सांगितलं, दुसऱ्या कुणालाच नाही. तू म्हणालास, दमली आहेस, झोप. आठ दिवसांनी बैठक झाली, माझं काम नयनाला गेलं, आणि वर्षभरात तू पुण्याला जाऊन तिकडचीच मुलगी केलीस.

मी तुझं खरं मानलं. दोन वर्षं सुधींद्रदादाबरोबर डॉक्टरकडे जात होते, झोपेच्या गोळ्या घेत होते. कमलावहिनीने दृष्टसुद्धा काढली. मग एके दिवशी मुलींच्या वह्या तपासताना तो प्रवेश पुन्हा ओळीओळीने आठवला, आणि पेन हातातच राहिलं. त्या दिवशी मी “पाट रिकामा आहे” म्हणालेच नव्हते. माझं तोंडच उघडलं नव्हतं. आणि तरी तू पुढची ओळ म्हणालास, “रिकामा? मग पानावरचा भात कोण कालवतं?” लोकांना वाटलं माझी ओळ गळली. पण न बोललेल्या ओळीला उत्तर कसं दिलंस, हयवदन? तूही ऐकलंस. तुझा चेहरा मला आठवतो, नटाचा नव्हता तो. ऐकलंस, घाबरलास आणि वेडं मला ठरवलंस. सात वर्षं मला हे माहीत आहे. कधी बोलले नाही, कारण वेडीचं कोण ऐकणार?

काल तुझं पत्र घेऊन ठकुअक्कांकडे गेले. तांदूळ निवडत होत्या. चोरट्या तालमींपासून त्या आवाजापर्यंत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी एवढंच विचारलं, “शेवटी खोकल्यानं त्यांचा आवाज पार गेला होता. तीन महिने मला नुसत्या खुणा करायचे. तिथं कसा होता गं आवाज?” मी म्हटलं, स्वच्छ होता, पहिल्यासारखा. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते त्यांना आठवलं असावं. मला कॉफी दिली आणि त्या हळू, सावकाश बोलू लागल्या, लहान मुलाशी बोलावं तशा. त्यासाठी हे पत्र. स्मरणिकेची दोन पानं तुला हवी तशी लिहून देते, मोठ्या मनाने वगैरे सगळं, खाली माझी सही. माझ्या डोक्याबद्दल कुणाला काही सांगू नकोस, ते आता जाऊ दे. त्याच्या बदल्यात ठकुअक्कांना एक कार्ड टाक. तुझ्या हाताने लिही, की तूही ऐकलंस, आवाज स्वच्छ होता आणि खोकला नव्हता.

एके काळची तुझीच,
विमला